पाठीमागचा डोंगर

मावशीच्या घरी ओटीवरून माजघरात शिरले की डाव्या हाताच्या भिंतीवर काकांची तसबीर टांगलेली असे. तिला चंदनाचा हार होता, खाली उदबत्तीचे घर होते, आणि काचेआड काका प्रसन्नपणे हसत होते. परका मनुष्य त्या तसबिरीकडे पाहून 'छान आहे' असे म्हणे आणि पुढे जाऊन बसे. परंतु तिचा इतिहास ज्यांना ठाऊक होता, त्या आम्हा घरच्या मंडळींना तिच्याकडे पाहताना किंचित ओशाळल्यासारखे होई.

त्याचे कारण असे, की काका वारले तेव्हा साऱ्या घरात त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो निघाला नाही. आयुष्यभर ते कोणाच्या ना कोणाच्या शेजारी उभे राहिले होते. मुंजीत बटूच्या मागे, लग्नात व्याह्यांच्या बाजूला, निरोपसमारंभात तिसऱ्या रांगेत. शेवटी एका लग्नाच्या समूहचित्रातून त्यांचे डोके आणि खांदे कापून घेण्यात आले, आणि एका फोटोवाल्याने त्यांच्यामागे स्वच्छ आकाशी रंग भरून दिला. त्या घाईच्या दिवसांत कोणी निरखून पाहिले नाही. पाहिले तेव्हा असे आढळून आले, की शेजारच्या गृहस्थांच्या जरीच्या फेट्याचा एक कोपरा काकांच्या डाव्या खांद्यावर तसाच राहून गेला आहे. हार थोडा त्या बाजूस ओढून आम्ही तो झाकला. पण काकांची नजर कशाने झाकणार? लग्नाच्या मांडवात ते शेजारच्या गृहस्थांच्या कसल्याशा विनोदाला मान वळवून हसत होते. ते गृहस्थ गेले, मांडव गेला, विनोद गेला. काका मात्र त्या आकाशी पोकळीत कोणा अदृश्य माणसाकडे पाहून हसत राहिले.

"हे माझ्याकडे बघतच नाहीत रे," मावशी म्हणे. फेट्याविषयी तिने कधी तक्रार केली नाही.

ही माझी मावशी शिळफाट्याला राहत असे. शिळफाटा म्हटले की पुष्कळांना ठाण्याच्या बाजूचा, वाहनांच्या रांगांनी गाजलेला फाटा आठवतो. हा तो नव्हे. हा खालापूर तालुक्यातला, खोपोलीचा शिळफाटा. बोरघाटाच्या अगदी पायथ्याशी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वसलेला. आगगाडी खोपोलीपर्यंत १८५६ साली आली, आणि घाट फोडून तिला वर चढावयास १८६३ साल उजाडावे लागले. मधल्या सात वर्षांत पुण्याकडे जाणारा प्रत्येक उतारू येथे सामान खाली ठेवून समोरच्या डोंगराकडे क्षणभर तोंड वर करून उभा राहिला असेल, असे मला नेहमी वाटते. अजूनही येथे येणाऱ्याची मान प्रथम वर होते. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून घाईची मंडळी बाहेरच्या बाहेर निघून जातात. परंतु डोंगर आपल्या जागी आहे, आणि त्या डोंगरावरून उतरलेले नळही आपल्या जागी आहेत.

या नळांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून माझी हकीकत पुढे सरकणार नाही. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूस बांध घालून अडवलेले पावसाचे पाणी मोठमोठ्या नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली आणायचे, त्याच्या जोरावर चक्रे फिरवायची, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना. डोंगराच्या अंगावरून सरळ रेघ ओढावी तसे ते नळ उतरतात. काका या वीजघरात तीस वर्षे नोकरीस होते. मावशीच्या परसातून ते नळ स्पष्ट दिसत. काका रात्रपाळीला गेले म्हणजे ती निजण्यापूर्वी परसदारी येऊन डोंगराखालच्या दिव्यांकडे एकदा पाही आणि मग दाराला कडी घाली. पुढे काका सेवानिवृत्त झाले, नंतर वारले. पण परसदारी जाऊन येण्याची तिची सवय सुटली नाही.

गेल्या वैशाखात तिच्या मुलांनी तिला पुण्यास नेण्याचे ठरवले. तिचे गुडघे दुखत, घर गळू लागले होते, आणि मुलांचे म्हणणे सर्वस्वी रास्त होते. गणपती झाले की निघायचे असे ठरले. मी तिला भेटावयास गेलो तेव्हा तिने मला जवळ बोलावले आणि हळूच म्हणाली, "तू तो मोठा कॅमेरा घेऊन हिंडतोस ना? मग माझा एक नीट फोटो काढून ठेव बाबा. माझ्या वेळी तुम्हाला कात्री घ्यावी लागू नये."

यावर काय बोलणार? मी हसलो आणि 'काढतो' म्हणालो. मनातून मात्र मला थोडा अभिमानच वाटला. वीस वर्षे मी हौसेने फोटो काढीत आलो आहे. देवळांचे कळस, भातखाचरे, बगळे यांचे माझे फोटो मित्रमंडळींत नावाजले गेले आहेत. एका म्हाताऱ्या बाईचा फोटो काढणे ते काय, असे मला वाटले.

तो काढणे किती कठीण आहे हे मला त्याच दुपारी कळून चुकले असते; पण ते कळावयास मला घरी येऊन फोटो मोठा करून पाहावा लागला. मी मावशीला परसात खुर्चीवर बसवले होते. डोळ्यांना ते दृश्य फार सुरेख दिसले होते. फोटोत पाहतो तो मावशीच्या अंबाड्यातून वीजघराचे नळ उगवून आभाळाकडे निघाले आहेत! परसाच्या गडग्याची आडवी रेघ बरोबर तिच्या गळ्यातून गेली आहे, जणू तिचे डोके कोणी भिंतीवर आणून ठेवले आहे. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडले आहेत. आणि या सर्वांवर कडी म्हणजे गडग्यावर वाळत घातलेले एक फडके मावशीच्या चेहऱ्यापेक्षा अधिक ठसठशीत उठले आहे.

हे सारे मला तेथे उभे असताना कसे दिसले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. कारण असे आहे, की आपण माणसाकडे पाहतो तेव्हा डोळे एकटे पाहत नसतात. त्यांच्यामागे मन उभे असते. मनाला मावशी हवी असते, म्हणून ते फडके वगळते, गडगा वगळते, नळ मागे लोटते. कॅमेऱ्याला असे मन नाही. तो एखाद्या नेकीच्या कारकुनासारखा समोर येईल ते सारे सारख्याच अक्षरात नोंदवून ठेवतो. शिवाय त्याला एकच डोळा. आपले दोन डोळे जवळचे आणि लांबचे यांतले अंतर मापून घेतात. एका डोळ्याला अंबाडा आणि डोंगर एकाच कागदावर चिकटलेले दिसतात. म्हणून जे काम मन न सांगता करते, ते फोटो काढणाऱ्याला समजून उमजून करावे लागते. माणसाला त्याच्या पाठीमागच्या पसाऱ्यातून वेगळे काढणे, हे ते काम. व्यक्तिचित्राची अर्धी विद्या यातच आहे.

मग मी ती विद्या शिकावयास बसलो, आणि सर्व नवशिक्यांप्रमाणे तिच्यातली सर्वांत सोपी युक्ती प्रथम उचलली. भिंगाचे छिद्र, ज्याला फोटोवाले ॲपर्चर म्हणतात, ते जितके मोठे उघडावे तितका मागचा देखावा अस्पष्ट होतो. भिंग जितके लांब पल्ल्याचे आणि माणूस जितका जवळ, तितका हा परिणाम अधिक. एका मित्राकडून मी ८५ मिलिमीटरचे भिंग मागून आणले, छिद्र १.८ या अंकावर उघडले, दीड मीटरवर मावशीला बसवले आणि फोटो काढला. या हिशेबाने चेहऱ्याचा जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीचा एक काप तेवढा रेखीव उठतो. त्याच्या पुढचे आणि मागचे सारे विरघळत जाते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर त्याच्या तिप्पट-चौपट तरी असतेच. तेव्हा मावशीचा एक डोळा स्वच्छ आला, दुसरा थोडा झोपाळलेला, आणि कान धुराचा. परंतु मागचा देखावा! गडगा नाही, फडके नाही, नळ नाहीत. सारीकडे मऊ हिरवे दूध सांडले होते. मी खूष झालो. फोटो मोठा करून, चौकट करवून, पुढच्या खेपेस शिळफाट्याला घेऊन गेलो.

मावशीने चष्मा लावला. फोटो दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला.

"चांगला आलाय," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "हे मागे काय आहे?"

"डोंगर आहे, मावशी. आपल्या परसातलाच."

"मग ह्यांचे नळ कुठे गेले?"

मी तिला भिंग, छिद्र, अंतर हे सारे समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. मग फोटो उपडा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे तूही आकाशी रंगच भरलास. फक्त हिरवा."

मला त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. बोलणे साधे होते, पण ते अगदी वर्मी बसले. मीही कात्रीच चालवली होती. फक्त माझी कात्री महाग होती.

पुढे या विषयावर वाचीत गेलो तेव्हा लक्षात आले, की मावशीची तक्रार छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. १८३९ साली या कलेचा शोध जाहीर झाला तेव्हा माणसाचा फोटो काढणे म्हणजे शिक्षाच असे. मिनिटेच्या मिनिटे हलायचे नाही, म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावून बसवीत. १८४० साली योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने केवळ चेहऱ्यासाठी म्हणून एक भिंग गणिताने आखले. त्यातून पूर्वीपेक्षा कितीतरी पट अधिक प्रकाश आत येई, आणि बसणाऱ्याची शिक्षा पुष्कळ कमी झाली. पण त्या भिंगाचा एक दोष होता. मध्यभाग रेखीव येई, कडा मात्र भोवऱ्यासारख्या फिरून पुसट होत. नकाशा काढणाऱ्याला हा दोष चालला नसता. चेहरा काढणाऱ्यांना तो गुण वाटला. माणूस मध्ये स्पष्ट आणि भोवतालचे जग पुसट, ही आवड तेव्हापासून आपल्या डोळ्यांना लागली आहे.

कात्रीचाही इतिहास आपल्या जवळचाच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. त्याच काळात विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज मुंबईत फोटो काढीत असे. मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनला निघाले. त्यातील कित्येक चित्रांची कृती ऐकण्यासारखी आहे. माणसांचे फोटो एका ठिकाणी काढायचे, देखावे दुसऱ्या ठिकाणी, आणि मग माणसे त्या देखाव्यांवर बसवायची. चित्रात जेथे ती उभी दिसतात, तेथे त्यांच्यापैकी कित्येक जण कधीही उभे नव्हते. आणि चित्राखाली छापले ते त्यांच्या जातीचे किंवा धंद्याचे नाव, बसणाऱ्याचे नव्हे. माणूस आपल्या जागेतून कापून काढला की त्याचे नावही गळून पडते, आणि मागे राहतो तो एक नमुना.

आता तर हे काम हातातला मोबाईल करतो. जवळचे काय आणि लांबचे काय याचा तो आपल्या परीने अंदाज बांधतो, आणि लांबचे ठरेल ते हिशेबाने पुसट करतो. तेथेही चूक होतेच. आमच्या काकांच्या खांद्यावर परक्या फेट्याचा कोपरा राहिला. उलट हे यंत्र चष्म्याची काडी, कानातली कुडी, कपाळावर उडालेले दोन केस अशी माणसाची स्वतःची वस्तू मागच्या पसाऱ्यात ढकलून देते. या साधनांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. रेल्वेच्या फलाटावर, लग्नाच्या गर्दीत, पाठीमागे खरोखरच कोणाचे काही नसते. तेथे ती उपकारक आहेत. पण पाठीमागे जे आहे ते बसणाऱ्याचे आहे की परक्याचे, हा प्रश्न त्यांना विचारता येत नाही. तो फोटो काढणाऱ्यानेच विचारावा लागतो, आणि मी तो विचारला नव्हता.

तो सोडवायचा कसा हे मला पुस्तकांनी सांगितले नाही, पावसाने सांगितले. आषाढात एकदा मी खोपोलीच्या गाडीने उतरून फाट्याकडे निघालो होतो. दिवसभर कोसळून पाऊस नुकताच थांबला होता. समोर घाटाच्या रांगा एकामागे एक उभ्या होत्या. सर्वांत जवळची झाडे काळीभोर, त्यांच्या मागची टेकडी गर्द हिरवी, तिच्या मागचा कडा करडा, आणि त्याच्याही मागची धार आभाळाहून केवळ एका छटेने निराळी. प्रत्येक रांग दुसरीपासून स्वच्छ वेगळी दिसत होती, आणि तरी एकही नाहीशी झाली नव्हती. मी रस्त्यातच थांबलो. माझ्या मित्राच्या भिंगाला जे साधले नव्हते, ते धुक्याला कोणताही खटाटोप न करता साधले होते. धुके डोंगर पुसत नाही. ते त्याला फिका करून मागे बसवते.

चित्रकारांना ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. लिओनार्दो दा विंचीने दूरच्या वस्तू हवेमुळे निळसर आणि फिक्या दिसतात हे बारकाईने टिपून ठेवले आहे. चेहरा रंगवावयाचा असेल तर ढगाळ किंवा धुक्याची वेळ, नाही तर संध्याकाळ निवडावी, असाही त्याचा सल्ला आहे; कारण त्या उजेडात चेहऱ्यावरच्या सावल्या मवाळ होतात. मी वैशाखाच्या भर दुपारी मावशीला उन्हात बसवले होते, त्या मानाने पाचशे वर्षांपूर्वीचा हा माणूस फारच शहाणा म्हटला पाहिजे.

श्रावणातल्या एका शनिवारी मी तिसऱ्यांदा कॅमेरा घेऊन गेलो. गणपतींना मोजके दिवस उरले होते. घरात अर्धी बांधाबांध झाली होती. भांड्यांची पोती दाराशी उभी होती. या खेपेस मी प्रथम कॅमेरा बाहेर काढलाच नाही. सकाळी परसाच्या पडवीत नुसता फिरत राहिलो, आणि एकेक गोष्ट ठरवीत गेलो.

मावशीला मी पडवीच्या बाहेरच्या कडेला, छपराच्या आत पाटावर बसवले. डोक्यावर छप्पर असल्याने वरचा उजेड अडला. डाव्या बाजूच्या मोकळ्या अंगणातून येणारा ढगाळ उजेड तेवढा तिच्या चेहऱ्यावर पडू लागला, आणि डोळ्यांत दोन चमकते ठिपके उमटले. उजवीकडची बाजू फार काळी राहू नये म्हणून तेथे दोरीवर एक पांढरी चादर टाकली. तिच्यावरून उलटलेला उजेड गालाला पुरेसा होता. मी स्वतः अडीच मीटर मागे सरलो. फार जवळून घेतले की नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. तो दोष भिंगाचा नव्हे, अंतराचा. मग खाली बसून कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, तशी गडग्याची रेघ गळ्यावरून उतरून खांद्याखाली गेली. एक पाऊल उजवीकडे सरकलो, आणि नळ तिच्या अंबाड्यातून निघून खांद्याच्या बाजूस मोकळ्या जागेत उभे राहिले. वैशाखात मी हे एक पाऊल टाकले असते तर! भिंगे, छिद्रे, अंक या सगळ्यांपेक्षा त्या एका पावलाने अधिक काम केले, आणि त्याला पैसा पडला नाही.

छिद्र या खेपेस मी ८ या अंकापर्यंत लहान केले. अडीच मीटरवर त्यामुळे सुमारे ४० सेंटीमीटर खोलीचा भाग रेखीव येतो. म्हणजे मावशी नाकापासून अंबाड्यापर्यंत सगळी, आणि मांडीवरचे हातही. मागचा डोंगर मऊ होतो, पण ओळख हरवीत नाही.

पातळावरून मात्र थोडा वाद झाला. तिने पेटीतून मोतिया रंगाचे नवे रेशमी पातळ काढून ठेवले होते. मी तिला तिचे जुने, गडद रंगाचे इरकली नेसावयास सांगितले. "ते घरात नेसायचं आहे," ती म्हणाली. मी तिला बाहेरचे धुके दाखवले. फिक्या धुक्यापुढे फिके पातळ आले असते तर दोन्ही एकमेकांत मिसळून गेली असती. गडदापुढे फिके किंवा फिक्यापुढे गडद, तरच कडा उठते. हे तिला लगेच पटले. "रांगोळी काळ्या जमिनीवरच उठते," ती म्हणाली आणि पातळ बदलून आली. हातांचे काय करावे हे मात्र तिला सुचेना; कॅमेऱ्यापुढे प्रत्येक माणसाला आपले हात परके वाटतात. तेव्हा मी तिच्यापुढे सूप आणि तांदूळ आणून ठेवले. ती तांदूळ निवडू लागली, आणि हात आपोआप आपल्या जागी गेले.

सारी सिद्धता झाली, तो धुके इतके दाट झाले की डोंगरच दिसेना. मी दोन फोटो घेतले. मागे नुसता पांढरा पडदा. मी हिरमुसून उठणार तोच ती मान वर न करता म्हणाली, "बस जरा. या दिवसांत नऊच्या सुमारास ते खालून वर उठतं. आधी वीजघर दिसेल, मग नळ."

आम्ही बसून राहिलो. तिने तांदळातला एकेक खडा काढला. तीस वर्षे रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाची वाट जिने या दारातून पाहिली, तिला या डोंगराचे वेळापत्रक माझ्यापेक्षा अधिक माहीत असणारच. काही वेळाने तिने मान किंचित वळवून मागे पाहिले. "आले बघ," ती म्हणाली, आणि तेच समाधान चेहऱ्यावर घेऊन पुन्हा माझ्याकडे वळली. मी त्या क्षणी कळ दाबली.

तो फोटो निर्दोष नाही. वरच्या कोपऱ्यात दोरीचा एक तुकडा आला आहे, आणि सुपाची कड थोडी कापली गेली आहे. हात कापायचे नाहीत, विशेषतः मनगटात किंवा कोपरात नाहीत, एवढे मी सांभाळले. सूप राहून गेले. पण त्यात मावशी आहे. तिचे डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात आहेत, आणि चेहरा किंचित ज्या बाजूस वळलेला आहे त्या बाजूस मी मोकळी जागा ठेवली आहे. त्या मोकळ्या जागेत फिका करडा डोंगर आहे, आणि डोंगरावरून खाली उतरणारी एक मऊ रेघ. ज्याला ठाऊक नाही त्याला ती पायवाट वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्याला काही सांगावे लागत नाही.

मला आता असे वाटू लागले आहे, की माणसाला पाठीमागच्यापासून वेगळे काढणे आणि माणसाला पाठीमागच्यापासून तोडणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि बाहेरून त्या फार सारख्या दिसतात. पहिलीसाठी वेळ लागतो. उजेडाची वाट पाहावी लागते, एक पाऊल इकडे की तिकडे याचा विचार करावा लागतो, आणि मुख्य म्हणजे समोरच्या माणसाला विचारावे लागते, की बाई, तुमच्या मागे हे जे आहे ते तुमचे कोण? दुसरीसाठी यातले काहीच लागत नाही. म्हणून आपण बहुधा दुसरीच करतो. आणि केवळ फोटोतच करतो असेही नाही. म्हाताऱ्या माणसांना सुखात ठेवण्यासाठी आपण त्यांना त्यांच्या घरांतून उचलून स्वच्छ, मोकळ्या भिंतींपुढे नेऊन बसवतो. त्यांचे गुडघे बरे होतात. मागे काय होते ते विचारावयाचे तेवढे राहून जाते. मुलांना मी दोष देत नाही. माझे बिऱ्हाड असते तर मीही तेच केले असते.

गणपतीनंतर मावशी पुण्यास गेली. दिवाळीत मी तिला भेटावयास गेलो. घर नवे आहे, तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहकाची सोय असलेले. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. तिच्या खोलीच्या भिंतीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी लावलेल्या होत्या. डाव्या हाताला काका, आकाशी पोकळीत. उजव्या हाताला मावशी, तांदूळ निवडणारी, मागे डोंगर. जिवंत माणसाचा फोटो गेलेल्या माणसाच्या शेजारी लावू नये, असे सूनबाईंचे म्हणणे पडले होते. पण मावशीने ऐकले नाही म्हणे. खिळे कोठे ठोकायचे हेही तिनेच उभे राहून दाखवले होते.

मी सवयीने दूर उभा राहून पाहू लागलो, आणि मग माझ्या ध्यानात आले. लग्नाच्या मांडवात शेजारच्या गृहस्थांकडे वळलेली काकांची ती नजर आता तिच्या तसबिरीत जात होती. तिच्या खांद्यावरून, त्या मोकळ्या जागेत, नळांकडे. हार मध्यावर सरळ ठेवलेला होता. फेट्याचा कोपरा दिसत होता, आणि तो झाकावा असे कोणाला वाटलेले दिसले नाही.

"बरोबर लावलेत ना?" मावशीने विचारले.

मी म्हटले, "हो मावशी, अगदी बरोबर." मग ती चहा ठेवावयास आत गेली.